इंगोले डॉक्टरांना पाचपैकी तीन

डॉक्टर इंगोल्यांचा दवाखाना वाचवायचं काम मी हाती घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे दिवसाला वीस-बावीस पेशंट येत होते. माझ्या तीन महिन्यांच्या अथक प्रयत्नांनंतर असा एक दिवस उजाडला की एकही पेशंट आला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या शिक्षक कॉलनीत ही हकीकत चार-पाच प्रकारांनी सांगितली जाते आणि त्यातल्या एकाही प्रकारात माझी बाजू नसते.

मी मोरोपंत. अमरावतीच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त शिक्षकाला समाजाने काही विचारायचं बंद केलेलं असतं, म्हणून तो आपण होऊन सांगायला लागतो. माझं तसंच झालं.

मे महिन्यात मी रक्तदाब तपासायला गेलो होतो. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि पाऱ्याकडे बघत म्हणाले, "सर, दिवाळीपर्यंत पाह्यतो. मंग शटर खाली."

"का हो?"

त्यांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथे नवं काचेचं पॉलिक्लिनिक झालं होतं. फोनवर नंबर, फोनवर रिपोर्ट आणि आत अशी गार हवा की नुसता सोबत आलेला माणूसही स्वतःला काहीतरी दाखवून घ्यायचा.

"मलेही खुर्ची देऊन रायले ते. पन रोज इतक्या इतक्या तपासण्या लिहा म्हंतात. आता ज्याले नुसती सर्दी हाय, त्याले मी कायच्या तपासण्या लिहू?" डॉक्टरांनी हवा सोडली. "तुमचं बीपी वाढलं सर."

ते त्यांच्याच बोलण्याने वाढलं होतं. कोरोनात आमच्या घराचा उंबरा कोणी ओलांडत नव्हतं, तेव्हा हा माणूस अकरा दिवस स्कूटरवर येऊन माझ्या बायकोला, ताराला, तपासून गेला होता. मी घरी येऊन तिला बातमी सांगितली. ती पोळी लाटायची थांबली. "डॉक्टर बसायचे थांबले तर मी कोणाला दाखवू? त्या काचेला?" एवढंच म्हणाली. मी त्याच संध्याकाळी दवाखाना बचाव समिती स्थापन केली.

समितीची बैठक नत्थुजींच्या ओट्यावर झाली. नत्थुजी निवृत्त मुख्याध्यापक. मोर्शीला त्यांची संत्र्याची बाग आहे आणि कोणत्याही अडचणीवर ते प्रथम संत्री सुचवतात. "येईल त्या पेशंटले दोन संत्रे द्या," ते म्हणाले. "मे महिन्यात कुठून आणायची?" असं मी विचारल्यावर त्यांनी मुद्दा मागे घेतला, पण इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. चित्रकलेच्या सरांना पडद्याचा रंग बदलायचा होता. संस्कृतच्या बाईंनी दवाखान्याचं दार दक्षिणेला असल्याकडे लक्ष वेधलं. यमाच्या दिशेला तोंड करून बसलेल्या डॉक्टरकडे कोण जाईल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. फक्त चाळीस वर्षं लोक जातच होते.

शेवटी माझा मुलगा स्वानंद पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, साधं सॉफ्टवेअर घ्या. अकोल्यात कुंदन आहे, माझा कॉलेजचा मित्र. तो अशा छोट्या दवाखान्यांसाठीच काम करतो."

मे महिन्यात अकोल्याला मुद्दाम कोणी जात नाही. मी गेलो. ताराने डोक्याला दुपट्टा बांधून दिला आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घातला. कुंदनचं ऑफिस ढेपीच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, दुकानावर होतं. मी भारदस्तपणे बसलो, दवाखान्याची परिस्थिती मांडली आणि घाम पुसायला रुमाल काढला, तर कांदा घरंगळत त्याच्या टेबलाखाली गेला. शिष्टमंडळाचा प्रमुख गुडघ्यांवर बसून वायरींमधून कांदा काढतोय, हे दृश्य त्याच्या तिथल्या दोन मुलींनी फार गंभीर चेहऱ्याने पाहिलं.

कुंदन मात्र भला माणूस. तो म्हणाला, "काकाजी, पलीकडचे काही जादू नाई करून राहिले. ते फक्त आठवण देतात. गोळी संपली, या. तपासणी आहे, या. माणसाला कोणी बोलावलं की तो जातो. डॉक्टरसाहेब बोलावत नाहीत. आपलं सॉफ्टवेअर बोलावेल." तीन महिने वापरून बघा, मग ठरवा, असंही त्याने सांगितलं. मला ते पटलं. पुढे जे घडलं त्याचा दोष कुंदनवर मुळीच नाही.

आता मैनाबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. त्या दवाखान्यात तीस वर्षं आहेत. दार उघडणं, पट्ट्या करणं, सुई उकळण्याच्या काळापासून सगळं त्यांच्याकडे. नंबर लावायची त्यांची पद्धत अशी की सकाळी लोक पायरीवर आपली थैली ठेवून जायचे. घरी जाऊन स्वयंपाक करायचे, म्हशीचं बघायचे आणि आपल्या वेळेला परत यायचे. कोणती थैली कोणाची आणि तो माणूस साधारण कधी उगवेल, हे मैनाबाईंना ठाऊक असे. ही पद्धत शास्त्रीय नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं.

"थैली कधी बंद पडते का, सर?" त्यांनी विचारलं. मी कॉम्प्युटर सुरू केला.

डॉक्टरांचे कागद बिस्किटांच्या डब्यांत होते, तेही घराघराप्रमाणे. मैनाबाई सांगायच्या आणि मी टंकायचो. पण कॉम्प्युटर जन्मतारखेशिवाय आणि मोबाइल नंबराशिवाय पुढे सरकेना. जन्मतारखेचा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. आमच्या पिढीच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना निम्म्या वऱ्हाडाला एक जुलै ही तारीख देऊन टाकलेली आहे. आईबाप म्हणायचे, "पोया झाल्यावर झाला," म्हणजे पोळ्यानंतर कधीतरी, आणि आम्ही लिहायचो एक जुलै. तेच इथे केलं. मोबाइलचंही फार अवघड नव्हतं. कोणाकडे फोन नव्हता, कोणाचा मुलगा पुण्याला घेऊन गेला होता, कोणाचा नंबर दर दोन महिन्यांनी बदलत होता. अशा सगळ्यांच्या रकान्यात मी माझा नंबर घातला. एकशे सत्तेचाळीस माणसं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. शाळेतही पालक सापडला नाही की आम्ही वर्गशिक्षकाचंच नाव लिहीत असू.

एक जुलैला सकाळी सहापासून माझा फोन वाजू लागला. "प्रिय तानुबाई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." "प्रिय दुर्गाबाई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." दहापर्यंत माझे एकशे सत्तेचाळीस वाढदिवस झाले. नत्थुजींना त्यांच्या स्वतःच्या फोनवर शुभेच्छा आल्या. त्यांचा जन्म माघातला, पण सरकारने त्यांना एक जुलै धरूनच निवृत्त केलं होतं, त्यामुळे तारीख खरीच असणार असं मानून ते पेढे घेऊन दवाखान्यात गेले. तिथे त्यांना आणखी नऊ वाढदिवसवाले भेटले.

डॉक्टर पेढा हातात धरून मला म्हणाले, "चाळीस वर्षं डॉक्टरकी केली सर, पन एका दिवशी एवढ्या डिलिव्हऱ्या नाई पाह्यल्या मी."

ते हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून मला हुरूप आला आणि मी ताऱ्यांच्या मागे लागलो.

फोनवरच्या नकाशात दवाखाना शोधला की त्याच्या नावाखाली तारे दिसतात. पलीकडच्या काचेला चार पूर्णांक नऊ होते. आमच्या दवाखान्याला काहीच नव्हतं, कारण आजवर कोणी दिलेच नव्हते. नव्याने राहायला आलेले भाडेकरू, मोझरीला आश्रमात येऊन शहरात थांबलेले पाहुणे, हे सगळे आधी तारे बघतात, असं स्वानंदने सांगितलं. मी समितीची तातडीची सभा बोलावली आणि भाषण केलं. त्यातलं एक वाक्य मला आजही टोचतं. मी म्हणालो, "मात्र तारे प्रामाणिकपणे द्या."

समोर एकतीस निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी प्रामाणिकपणे दिले.

ज्यांना अनुभव नाही त्यांना सांगतो, शिक्षक पैकीच्या पैकी देत नसतो. देवाचा पेपर आला तरी तो एखादा गुण राखून ठेवील, नाहीतर देव पुढच्या वर्षी अभ्यास करणार नाही. इतिहासाच्या सरांनी लिहिलं, "निदान उत्तम. हस्ताक्षर सुमार. तीन तारे." संस्कृतच्या बाईंनी लिहिलं, "वृत्ती सात्त्विक. दार दक्षिणेस. दोन." चित्रकलेच्या सरांनी पडद्यापायी दोन तारे कापले. नत्थुजींनी लिहिलं, "माझ्या धाकट्या भावाचे प्राण वाचवले. परंतु वक्तशीरपणा कमी. तीन." आणि मी, ज्याच्या बायकोसाठी हा माणूस अकरा दिवस आला होता, त्या मीही लिहिलं, "एकंदरीत चांगले. सुधारणेस वाव आहे. तीन तारे." लिहून झाल्यावर मला न्याय केल्याचं समाधानही वाटलं होतं.

सरासरी दोन पूर्णांक आठ आली. सगळ्या कॉलनीने काटेकोर तपासलेला तो पेपर नकाशावर जगासाठी लटकला आणि नवे भाडेकरू मुकाट्याने रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण जुने पेशंट अजून थैल्या ठेवतच होते आणि मेसेजला कोणी विचारत नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून दारावर लावली: "मेसेज आल्याशिवाय येऊ नये." नत्थुजींनी घरोघरी फिरून तिचा अर्थ समजावला. थैली आणू नका, फोन येईल, कोणीतरी कळवील, तोवर घरी बसा. लोकांनी हे ऐकलं, कारण निम्मे लोक आमचेच विद्यार्थी होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि तारा तिच्या भाच्याच्या मुलाच्या बारशाला चांदूर रेल्वे या गावी गेलो. मंगल कार्यात फोन बंद ठेवावा, या मताचा मी आहे. संध्याकाळी अमरावतीला परतल्यावर सुरू केला. एकोणीस मेसेज होते. त्या दिवशी बोलावलेल्या सगळ्यांच्या रकान्यात नेमका माझाच नंबर होता. "तानुबाई, आपला नंबर आला आहे. कृपया आत यावे." "चतुराबाई, आपला नंबर आला आहे. कृपया आत यावे." मी स्टेशनच्या बाहेर उभा राहून ते वाचले आणि तसाच दवाखान्यात गेलो.

दवाखान्यात फक्त मैनाबाई होत्या. पायरी रिकामी होती. "डॉक्टर दिवसभर दाराकडे पाहत बसले," त्या म्हणाल्या. "आता तानुबाईकडे गेले. तिच्या पायाची पट्टी होती आज."

तानुबाई कॉलनीमागच्या वस्तीत एकट्या राहतात. साखरेचा आजार, आणि टाचेला जखम. मी धावतच गेलो. त्या धुतलेलं लुगडं नेसून, थैली मांडीवर घेऊन सकाळपासून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची पट्टी ओली होऊन पिवळी पडली होती. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून ती सोडत होते.

"मास्तर, मेसेज आलाच नाई," तानुबाई मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काही चुकलं असेल, असा तो आवाज होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आला होता," मी म्हणालो. "माझ्याकडे."

डॉक्टरांनी जखम धुतली, नवी पट्टी बांधली, हात धुतले. मग मला ओट्याच्या कडेला बसवून त्यांनी फोन काढला आणि माझेच तारे माझ्यासमोर धरले.

"सर, हे तुमचेच ना?"

मी मान हलवली. आता हा माणूस रागावेल तर बरं, असं मला वाटत होतं.

"माह्या पोरीले, रागिणीले, तुमी दहावीच्या सराव परीक्षेत सत्त्याण्णव देल्ले होते. तीन काहून कापले? तर उत्तराखाली रेघ नोती. आज ते अकोल्याले डॉक्टर हाय. चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली रेघ मारल्याशिवाय पेन उचलत नाई. म्हंजे तुमी कापले ते बरोबरच कापले होते." डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. "म्हून इचारतो सर. माह्यात काय सुधारू? आता दिवाळीची वाट नाई पाह्यत, पोया झाला की बंदच करून रायलो, पन समजलं तर बरं."

ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. चौतीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पाटी, पडदा, अक्षर, दार, सगळं आठवून पाहिलं. कुठेही कापायला जागा सापडली नाही. मी खाली मान घालून घरी आलो आणि जेवलो नाही.

सकाळी फोन वाजला. "दुर्गाबाई, आपली रक्तदाबाची गोळी संपत आली आहे." मी चपला घातल्या आणि दुर्गाबाईंकडे गेलो. दार वाजवून म्हणालो, "तुमची गोळी संपत आली आहे. डॉक्टरांनी बोलावलंय." त्या इतक्या दचकल्या की पोलीस आले असावेत असं वाटलं. पण पदर सावरून लगेच निघाल्या. त्यानंतर चतुराबाई. त्यानंतर ज्यांचा फोन पुण्याला गेला होता ते आजोबा. मी त्या दिवशी अकरा घरं फिरलो. दुसऱ्या दिवशी चौदा. पाटी मी काढून टाकली. पायरीवर थैल्या परत आल्या.

पोळा आला आणि गेला. शटर उघडंच होतं. त्या दिवशी सकाळी पायरीवर तेवीस थैल्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास कुंदनचा फोन आला. "काकाजी, तुमच्या दवाखान्यात मेसेज गेला की शंभरातले नव्वद लोक येतात. शहरातल्या मोठ्या ठिकाणी चाळीस येत नाहीत. तुम्ही काय सेटिंग केली?" मी त्याला सांगितलं, की माझे दोन चपलांचे जोड झिजले.

ताऱ्यांचं मात्र तसंच होतं. मी फेरतपासणीची सभा बोलावली. नत्थुजी म्हणाले, "फेरतपासणीले अर्ज लागते. अर्जदार स्वतः, नाईतर पालक." डॉक्टर अर्ज करणार नव्हते. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मैनाबाई आत आल्या.

"मी पालक," त्या म्हणाल्या. "कुठं सही करू? आन मले एक सांगा, तुमी दवाखान्यात बिमारी घेऊन जाता का लाल पेन घेऊन?"

मी फोन काढला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा पैकीच्या पैकी दिले. नत्थुजींनी साडेचार देता येतात का, अशी चौकशी केली. येत नाहीत असं कळल्यावर डोळे मिटून पाच दिले. सरासरी चार पूर्णांक तीनवर गेली. संस्कृतच्या बाई चारच्या वर गेल्या नाहीत. दार अजून दक्षिणेलाच आहे.

दिवाळीच्या आधी तानुबाईंची टाच भरून आली. निरोप द्यायला गेलो होतो, तर त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, मोबाइलवर डाक्तरले तारे देतात म्हने. माह्याजवळ मोबाइल नाई. माह्या नावचा नंबर तुमचाच हाय ना? मंग माहे तारे तुमीच टाका."

"किती टाकू?"

"जितके असतीन तितके."

मी प्रयत्न केला. एका फोनवरून एकदाच तारे देता येतात आणि माझे देऊन झाले होते. मग चतुराबाईंनी तेच सांगितलं. मग दुर्गाबाईंनी. पंधरा दिवसांत एकशे सत्तेचाळीस माणसांचे तारे माझ्याकडे गोळा झाले आणि ते ठेवायला जगात कुठे जागा नव्हती.

शेवटी चित्रकलेच्या सरांकडून मोठा कागद मागून आणला. सगळी नावं ओळीने लिहिली, प्रत्येकापुढे पाच तारे काढले, खाली बेरीज मांडली: सातशे पस्तीसपैकी सातशे पस्तीस. धनत्रयोदशीच्या सकाळी, जिथे माझी पाटी होती, तिथे तो कागद चिकटवला.

डॉक्टर स्कूटर लावून आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळा कागद वाचला. मैनाबाई झाडू हातात धरून उभ्या होत्या. पायरीवरच्या थैल्यांचे मालकही थांबले होते. डॉक्टरांनी नाक शिंकरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, उत्तराखाली रेघ राह्यली तुमची."

मी खिशातून पेन काढला आणि रेघ मारली.